एका तिकिटात दोन

खरसुंडीच्या जत्रेत, बैलबाजार थंडावला की
आमच्या तंबूत एका तिकिटात दोन लागायचे.
आधी मारधाडीचा, मग भुताचा.
मालक भूपालअण्णा म्हणायचे,
आधी माणूस तापवायचा, मग पाण्यात बुडवायचा,
लोहाराचंच काम हाय आपलं.

मी तेरा वर्षांचा. रिळं गुंडाळायचो.
लोकांना वाटतं, रीळ उलटं फिरताना
मेलेले उठत असतील,
गोळ्या परत पिस्तुलात शिरत असतील.
तसलं काही नसतं.
हँडल फिरवायचं. पट्टीच्या कडेनं बोट कापतं.
बास.

प्रिंट गावोगाव फाटत आलेली.
हिरोच्या बहिणीचं लग्न कवठ्यात की जतला
कुठंतरी कापलं गेलेलं,
ती एकदम लेकरू काखेला घेऊनच यायची.
जनरेटर दमला की बुक्की जड व्हायची,
आवाज घोगरा,
मार खाणारा माणूस
म्हातारा होत होत खाली पडायचा.
आणि गोळी सुटली की
बाहेर दावणीला खिलारं उठून उभी राहायची,
सगळ्या माळावर घुंगरं.

चौथ्या रिळात धाकटा भाऊ मरायचा.
बर्फाच्या कारखान्यात, चौघं मिळून,
लादीवर लाल रंग पसरत जायचा.
त्याला शिट्ट्या पडायच्या सगळ्यात जास्त.

मध्यंतर. भजी. बिड्या.
आलेल्यातली निम्मी पोरं झोपलेली, आयांच्या मांड्यांवर.

मग भुताचा.
भुताच्या पायात स्लीपर दिसायची,
निळ्या पट्ट्याची. कुणी मनावर घ्यायचं नाही.
बाया दोरीच्या पलीकडं पदर तोंडात धरून,
गडी मोठ्यानं हसत,
म्हणजे भ्यालेले.

त्या रात्री मला डुलकी लागली.
दस्तगीरचाचानं अंधारात हात पुढं केला, मी डबा दिला.
पडद्यावर रिकामा वाडगा, विहीर, कुत्रं रडतंय,
दार आपोआप उघडतंय,
आणि दारातनं आत आला
धाकटा भाऊ.

तासाभरापूर्वी नऊशे माणसांनी
त्याला मरताना बघितलं होतं.
त्यानं चपला काढल्या. पाय धुतले.
पाटावर बसला. म्हणाला, आई, वाढ.

शिट्टी नाही. खोकला नाही.
रीळ चुकलं, असं एकसुद्धा बोललं नाही.
एवढ्या वर्षांत मी तंबू खराखुरा भ्यालेला
तेवढा एकदाच बघितला:
एक पोरगा भाकरी मोडतोय, कांदा फोडतोय,
आणि त्याला ठाऊक नाही.

चाचाचा हात झडपेवर गेला.
तेवढ्यात बायांच्या बाजूनं कुणीतरी उठलं,
डोईवरच्या पदराची सावली
पडद्याच्या खालच्या कडेला, ताटाच्या जवळ.
"थांबा गा. जेवू दे त्येला."

चाचानं हात मागं घेतला.
दहा मिनिटं चाललं.
तो जेवला. आईनं नको म्हणताना आणखी वाढलं.
हात पुसले, सायकल काढली,
निघाला,
बर्फाच्या कारखान्याच्या फाटकापर्यंत पोचला,
आणि रीळ संपलं.
पडदा पांढरा.

चौथं रीळ माझ्या मांडीवर होतं.
चाचानं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
आणि भुताचं सहावं मागितलं.

ती बाई कोण, कुठली, मी विचारलं नाही.
पहाटे गर्दीत सगळ्यांचेच पदर सारखे.
अण्णांनी माझे दोन रुपये कापले.

दुसऱ्या रात्री करगणीला रिळं क्रमानं लागली.
धाकटा चौथ्यात मेला. शिट्ट्या पडल्या.
मी तिसरं गुंडाळत होतो.
जेवणाची जागा कुठली असेल
म्हणून पट्टी बॅटरीसमोर धरली,
तर बोटभर बोटभर तुकड्यांत तो बसलेला,
शेकड्यानं,
प्रत्येकात तोच घास, तोंडापासून तेवढाच लांब.

चाचा म्हणाला, हात चालव.